जिउ-जित्सू क्लासचा रिव्ह्यू: चोक आणि त्याची तोड एकाच दिवशी

आठ महिने झाले मला ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकायला लागून. पहिले दोन महिने एका क्लासला गेले, तो सोडला, आणि गेले सहा महिने दुसऱ्या क्लासला जातेय, आठवड्यातले तीन दिवस, दीड-दीड तास. हा रिव्ह्यू दुसऱ्या क्लासचा आहे, पण पहिल्याबद्दल पण थोडं येईल कारण दोन्हीकडे चोक तेच, पोझिशन त्याच, शब्द पण तेच, आणि तरी एकीकडे मला मॅटवर उतरायची धास्ती बसली होती आणि दुसरीकडे मी सुट्टीच्या दिवशी सुद्धा उद्याच्या क्लासची वाट बघते. फरक कशात आहे ते आत्ता कुठे नीट सांगता येतंय मला.

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

ज्यांना या खेळाची काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. यात ठोसे-लाथा नसतात. समोरच्याला पकडायचं, जमिनीवर आणायचं, चांगली पोझिशन घ्यायची आणि मग एकतर सांधा लॉक करायचा नाहीतर गळा आवळायचा, म्हणजे चोक लावायचा. समोरच्याने हाताने थोपटलं, म्हणजे टॅप केलं, की सोडायचं. बास. ऐकायला भयंकर वाटतं, माझ्या आईला तर अजून वाटतं.

तर इथे पहिल्या दिवशी मला वाटलेलं काहीतरी भारी डाव दाखवतील. सरांनी पंधरा-वीस मिनिटं फक्त टॅप शिकवला. टॅप पार्टनरच्या अंगावर करायचा, जिथे त्याला जाणवेल तिथे, दोन-तीन वेळा पटपट, हवेत हात हलवून उपयोग नाही. दोन्ही हात अडकलेत तर तोंडाने "टॅप" म्हणायचं, पण चोकमध्ये कधीकधी आवाजच फुटत नाही मग पाय मॅटवर आपटायचा. आणि मग त्यांनी दुसरी बाजू शिकवली जी मला पहिल्या क्लासमध्ये दोन महिन्यांत कुणी सांगितली नव्हती, की चोक लावणाऱ्याचं पण काम असतं, त्याचं लक्ष पार्टनरच्या हाताकडे आणि श्वासाकडे पाहिजे, पहिल्या थापेला सोडायचं, आणि टॅप होता की नुसता हात हलला अशी शंका आली तरी सोडायचं. आम्ही जोडीजोडीने हेच केलं. एकाने हलकंच धरायचं, दुसऱ्याने थोपटायचं, सोडायचं, परत. हातातून, तोंडातून, पायातून. त्या दिवशी एकही चोक पूर्ण लावला नाही कुणी.

त्याच्या पुढच्या वेळी सरांनी सगळ्यांना स्वतःच्याच गळ्याला दोन बोटं लावायला सांगितली, जबड्याच्या खाली, श्वासनलिकेच्या जरा बाजूला. ठोका लागला का? लागला. मग दुसऱ्या बाजूला. (दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत हे पण सांगितलं, आणि तुम्ही पण घरी करून बघू नका.) या दोन कॅरोटिड रक्तवाहिन्या, यातून मेंदूला रक्त जातं. चांगला चोक या दोन्ही बाजूंनी दाबतो, श्वास चालूच असतो, पण मेंदूचं रक्त कमी पडतं आणि साधारण १० सेकंदांच्या आत-बाहेर माणूस बेशुद्ध होऊ शकतो. याला ब्लड चोक म्हणतात. दुसरा एअर चोक, त्यात पुढून श्वासनलिका दाबली जाते, तो जास्त दुखतो, खोकला येतो, जीव घाबरा होतो, वेळ पण जास्त लागतो आणि गळ्याला इजा होण्याची भीती जास्त. हे एकदा कळलं की बाकी सगळ्या चोकमध्ये तुम्ही एकच गोष्ट शोधायला लागता, दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या दोन भिंती कुठल्या. आणि सुटायचं असेल तर त्यातली एक भिंत कशी पाडायची. मला वाटतं या क्लासचं सगळं शिकवणं या एका गोष्टीवर उभं आहे, आणि म्हणूनच इथे चोक आणि त्याचा काउंटर सहसा वेगळ्या दिवशी शिकवत नाहीत. कुस्तीत ज्याला तोड म्हणतात ना, ती डावाबरोबरच.

सगळ्यात जास्त वेळ रिअर नेकेड चोकवर गेला. पाठीमागून लावतात तो. पोर्तुगीजमध्ये याचं नाव माता लिआओ, म्हणजे सिंहाला मारणारा. समोरच्याची पाठ घ्यायची, पाय त्याच्या मांड्यांच्या आत अडकवायचे, याला हुक्स म्हणतात, एक हात त्याच्या खांद्यावरून आणि दुसरा काखेखालून घालून छातीवर बांधायचा, गाडीच्या सीटबेल्टसारखा, नाव पण तेच आहे, सीटबेल्ट. मग वरचा हात गळ्याभोवती असा न्यायचा की कोपर बरोबर हनुवटीच्या खाली मधोमध येईल. गळ्याच्या एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला मनगटाकडचा भाग, या झाल्या दोन भिंती. तो पंजा स्वतःच्या दुसऱ्या दंडावर, आणि दुसरा हात त्याच्या डोक्यामागे. सुरुवातीला सगळेजण, मी पण, हाताच्या ताकदीने आवळत होतो आणि दहा सेकंदात हात भरून यायचे. सर म्हणाले हात फक्त जागेवर ठेवा, आता छाती फुगवा आणि दोन्ही खांदे मागे घ्या. पार्टनरने लगेच टॅप केलं. मी जोर लावलाच नव्हता असं मला वाटलं.

मग माझी पाळी. पाठीमागे एक काकू होत्या, माझ्यापेक्षा वयाने दहा-बारा वर्षांनी मोठ्या, ब्लू बेल्ट. त्या म्हणाल्या, "मी हळू लावते, तू लवकर टॅप कर, थांबू नकोस." गीची, म्हणजे या खेळात घालतात त्या जॅकेटची, बाही गालाला घासली, जाड खरखरीत कापड, मग गळ्याच्या दोन्ही बाजूला नुसतं उबदार, दुखत काहीच नव्हतं. म्हणून मी थांबले. कानात एकदम शंखासारखा घुंघुं आवाज यायला लागला, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ कडेकडेने काळं व्हायला लागलं, आणि माझा हात आपोआप त्यांच्या हातावर थोपटायला लागला. सोडल्यावर पहिला विचार हा आला की अरे, दुखलंच नाही. ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे असं मला वाटतं. दुखणं हा इशारा असतो अशी आपल्या अंगाला सवय असते आणि नीट लागलेल्या चोकमध्ये तो इशाराच येत नाही, त्यामुळे दुखेपर्यंत थांबते असं म्हणणारा माणूस सरळ झोपतो. दुसऱ्या वेळी हाताची जागा बसली की लगेच टॅप केलं.

आता त्याची तोड. बहुतेकजण हनुवटी छातीला लावून बसतात. त्याने दोन-चार सेकंद मिळतात, जास्त नाही, मग समोरचा जबड्यावरूनच आवळतो आणि ते भयंकर दुखतं. सरांनी क्रम दिला, आधी हात, मग खांदे, मग कंबर. आधी हात म्हणजे माझे दोन्ही हात त्याच्या एका हातावर, जो गळ्याकडे येतोय त्याच हातावर. दोनाविरुद्ध एक. मनगट धरायचं आणि छातीवर खाली दाबून ठेवायचं, गळ्यापासून लांब ढकलायला जायचं नाही कारण ढकलताना आपले कोपर उघडतात आणि त्याला जागा मिळते. मग खांदे. इथे बाजू महत्त्वाची. त्याचा जो हात माझ्या काखेखालून आहे त्या बाजूला कलायचं, कारण गळ्यावरचा हात ज्या बाजूचा आहे तिकडे पडलं तर त्याचा चोक आणखी घट्ट होतो. त्या काखेच्या बाजूला पाठ आणि डोकं मॅटला टेकवायचं, म्हणजे माझी पाठ आणि त्याची छाती यांच्यामध्ये मॅट यायला लागते. मग खालचा हुक पायाने काढायचा, कंबर सरकवायची आणि त्याच्याकडे तोंड करून वळायचं. लिहायला चार ओळी लागल्या, अंगात उतरायला मला सहा-सात आठवडे लागले.

कारण इथे ड्रिलनंतर पोझिशनल स्पारिंग असतं, आणि या क्लासमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच. पूर्ण रोल, म्हणजे मोकळी लढत, सुरू करायची नाही. सीटबेल्ट आणि हुक्स लावूनच बसायचं, टायमर दोन मिनिटं, एकाने चोक लावायचा, दुसऱ्याने सुटायचं. सुटला की परत तिथूनच. पहिल्या फेरीत ३० टक्के जोर, दुसऱ्या फेरीत निम्मा, तिसऱ्यात पूर्ण. सर फिरत असतात आणि कुणी पहिल्याच फेरीत पूर्ण जोर लावला तर त्याला बाजूला घेऊन सांगतात, सगळ्यांसमोर ओरडत नाहीत. यामुळे काय होतं की एका तासात तुम्ही त्या वाईट जागी पंधरा-वीस वेळा जाता. मोकळ्या रोलमध्ये माझ्यासारख्या नवीन माणसाला पाठ देऊन बसायची वेळ दोनदा येईल आणि दोन्ही वेळा टॅप करून संपेल, त्यातून शिकणार काय.

एक दिवस आठवतो. पार्टनर ८५ किलोचा, मी ५४. तिसरी फेरी, पूर्ण जोर. त्याचा हात हनुवटीखाली शिरला होता, अर्धा. आधीच्या महिन्यात मी इथेच टॅप केलं असतं आणि ते चूक नव्हतं. पण त्याचा पंजा अजून दंडावर पोचला नव्हता आणि माझ्या बोटांना ते कळलं, डोळ्यांनी दिसतच नाही तिथलं काही, बोटांनाच कळतं. मी त्याची चार बोटं पकडली (एकच बोट धरून वाकवायला मनाई आहे, चार धरायची) आणि दोन्ही हातांनी मनगट छातीवर खाली ओढलं, डोकं मॅटला टेकवलं, त्याचा हुक घसरला आणि मी वळले. उठल्यावर तो म्हणाला, "ताई, काय केलंत, परत दाखवा." आम्ही परत केलं, हळू, तो विचारत होता आणि मी सांगत होते. तोपर्यंत मी क्लासमध्ये कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

आता पहिल्या क्लासबद्दल. नाव घेणार नाही, तिथे चांगली माणसं पण होती. तिथे दुसऱ्याच आठवड्यात गिलोटिन शिकवला. समोरून डोकं काखेत धरून गळा आवळतात तो. शिकवला म्हणजे, गळ्यात हात घाल, हात जोड, वर ओढ. सुटायचं कसं हे त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात पण नाही. मग लगेच रोलिंग. माझ्यापेक्षा खूप मोठ्या एकाने धरलं, हाताचं हाड बरोबर श्वासनलिकेवर, मी टॅप केलं, त्याने सोडलं नाही, परत टॅप केलं, मग सोडलं. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, त्याला टॅप ऐकायची सवयच कुणी लावली नव्हती. तीन दिवस गिळताना दुखत होतं. शिकवणाऱ्यांना सांगितलं तर म्हणाले होईल सवय. मी त्यानंतर महिनाभर गेले पण मान कडक करून, खांदे वर करून, कुणी जवळ आलं की श्वास रोखून. तसं शिकता येतच नाही काही. शेवटी सोडला.

इथे गिलोटिन आला तो तिसऱ्या महिन्यात. आणि तोच डाव इथे वेगळाच निघाला. हात वर ओढत बसायचं नाही, आधी मनगट गळ्याच्या बाजूपर्यंत आत न्यायचं, कोपर उंच करायचं, आणि छातीने त्याच्या मानेवर वजन टाकायचं. मार्सेलो गार्सिया या ब्राझिलियन खेळाडूने ही उंच कोपराची पद्धत इतकी गाजवली की लोक तिला मार्सेलोटिन म्हणतात.

तोड पण लगेच. समजा त्याने उजव्या हाताने माझं डोकं त्याच्या उजव्या काखेत धरलंय. माझा एक हात लगेच त्याच्या मनगटावर, गळ्यावरचा ताण कमी करायला. दुसरा हात त्याच्या दुसऱ्या खांद्यावरून पाठीवर टाकायचा. आणि डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या उलट बाजूला चालत जायचं, म्हणजे त्याच्या डाव्या बाजूला. घाबरलेलं माणूस नेमकं डोक्याच्याच बाजूला पळतं आणि चोक घट्ट करून घेतं, मी पहिल्या क्लासमध्ये बरोबर तेच करत होते. उलट बाजूला गेलं की त्याच्या हाताला कोनच मिळत नाही, गळा मोकळा होतो.

आणि आता गंमत पुढे आहे. तो खाली पडलाय, मी बाजूला आलेय, आणि तरी त्याने हट्टाने माझं डोकं सोडलं नाही तर त्याचा तो हात त्याच्याच गळ्याला चिकटलेला असतो आणि माझा खांदा त्याच्या गळ्याच्या दुसऱ्या बाजूला. मी नुसतं वजन टाकलं की चोक त्यालाच लागतो. याला व्हॉन फ्लू चोक म्हणतात, जेसन व्हॉन फ्लू नावाच्या फायटरने २००६ मध्ये यूएफसीत, म्हणजे अमेरिकेतल्या मिश्र मार्शल आर्टच्या स्पर्धेत, ॲलेक्स करालेक्सिसला असाच हरवलं आणि नाव पडलं. पुढे ओव्हिन्स सेंट प्रूने हा इतक्या वेळा लावला की लोक गमतीने त्याचंच नाव जोडतात त्याला. हे ऐकून माझ्या डोक्यात पहिल्यांदा बसलं की काउंटर म्हणजे नुसती सुटका नसते, समोरच्याने सोडायला उशीर केला की तोच चोक होतो. सरांनी हे शिकवल्यावर आठवडाभर सगळेजण एकमेकांचा गिलोटिन वेळेवर सोडायला शिकले आपोआप.

ट्रायँगलवर कमी लिहिते कारण माझा अजून कच्चा आहे. पायांनी लावतात हा, समोरच्याचं डोकं आणि एक हात पायांमध्ये अडकवून. एका बाजूने माझी मांडी आणि दुसऱ्या बाजूने त्याचा स्वतःचाच खांदा दाबतो. माझे पाय आखूड आहेत त्यामुळे मला वाटायचं हा मला जमणारच नाही, तर सरांनी दाखवलं की सरळ झोपून आवळायला गेलं तर लांब पाय लागतात, पण एक पाय त्याच्या कमरेवर टेकवून अंग तिरकं वळवलं, त्याच्या कानाकडे बघितलं, की आखूड पाय पण बसतात. गुडघा घोट्यावर लॉक करायचा, पंजाच्या बोटांवर केला तर लॉक पण सैल आणि घोट्याला पण इजा. काउंटर मुख्यतः आधीच करायचा असतो. एक हात आत आणि एक बाहेर, ही धोक्याची घंटा, एकतर दोन्ही आत नाहीतर दोन्ही बाहेर. आलाच अडकून तर पाठ सरळ, नजर वर, अडकलेल्या हाताचा पंजा स्वतःच्या कानाला, फोन उचलल्यासारखा, म्हणजे खांदा गळ्यावर येत नाही. समोरच्याला उचलून आपटायचं अजिबात नाही, स्पर्धेत बाद करतात आणि मान मोडू शकते. १९९४ च्या डिसेंबरमध्ये यूएफसी ४ च्या फायनलला जिउ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी जवळपास १६ मिनिटं डॅन सेव्हर्नच्या खाली दबलेला होता, सेव्हर्न मोठा कुस्तीगीर, वजनाने पण खूप भारी, आणि शेवटी रॉयस खालूनच ट्रायँगल लावून जिंकला. तो सामना मी बघितला तेव्हा मला मजा त्या शेवटच्या मिनिटापेक्षा आधीच्या पंधरा मिनिटांची वाटली, तो खाली किती शांत आहे ते.

या खेळाचा इतिहास पण क्लासमध्ये तुकड्या-तुकड्याने येतो. मित्सुयो माएदा हा जपानच्या कोदोकान या जुदो शाळेचा जुदोका १९१४ मध्ये ब्राझीलला गेला, त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकला, भावंडांनी ते पुढे नेलं, त्यात हेलिओ अंगाने बारीक म्हणून त्याने ताकदीपेक्षा कोन आणि टायमिंगवर भर दिला असं सांगतात. मग १९९३ ला पहिल्या यूएफसीत हेलिओचा मुलगा रॉयस आला आणि फायनलमध्ये जेरार्ड गोर्डोला रिअर नेकेड चोकने हरवलं. हे ऐकताना मी त्याच चोकचं ड्रिल करत होते, त्यामुळे लक्षात राहिलं.

गीमधले चोक म्हणजे वेगळंच जग आहे, कॉलर हीच दोरी. क्रॉस कॉलर चोक सगळ्यात जुना आणि साधा, रॉजर ग्रेसीने तर माउंटवर, म्हणजे समोरच्याच्या छातीवर, बसून वर्ल्ड चॅम्पियनशिपला भल्याभल्यांना हाच लावला, सगळ्यांना माहीत असायचं काय येणार आहे तरी. पहिला हात कॉलरमध्ये खोल, चार बोटं आत, कानाच्या मागेपर्यंत. दुसऱ्या हाताचा अंगठा आत. मग मनगटं वळवायची आणि कोपरं खाली. याची तोड सरांनी एका वाक्यात दिली, पहिली ग्रिप तोडा, दुसरीची वाट बघू नका. पहिला हात खोल गेला की अर्धं काम झालेलं असतं, तेव्हाच दोन्ही हातांनी तो बाहेर काढायचा आणि पाठ सरळ करायची. मी कित्येकदा दुसरा हात आल्यावर जागी होते, तोपर्यंत उशीर.

इझेकिएल पण आवडला मला. स्वतःच्याच बाहीत चार बोटं घालून दुसरा हात गळ्यावरून कापत न्यायचा. इझेकिएल पाराग्वासू या ब्राझिलियन जुदोकाच्या नावावरून नाव पडलं. २०१७ मध्ये अलेक्सेई ओलेनिकने हा यूएफसीत लावला, गी नसताना, आणि तो स्वतः खाली, छातीवर माणूस बसलेला असताना. आमच्याकडे माउंटवरून शिकवतात. तोड म्हणजे बाहीतला हात जुळायच्या आधी त्याचं कोपर आडवं ढकलायचं आणि ब्रिज करून, म्हणजे कंबर वर उचलून, त्याच बाजूला लोळवायचं, कारण त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्यात गुंतलेत, टेकायला हातच उरलेला नाही.

एकदा क्लासमध्ये एकजण खरंच झोपला. बो अँड ॲरोमध्ये (पाठीमागून कॉलर ओढून लावतात तो चोक), टॅप करायला उशीर केला त्याने. पार्टनरला कळलं हात ढिला पडलाय, त्याने तत्काळ सोडलं आणि सरांना हाक मारली. सरांनी त्याला आडवं केलं, काही सेकंदांत तो जागा झाला, कुठे आहे ते त्याला कळेना. सगळ्यांना बाजूला बसवलं, त्याला शांतपणे नाव विचारलं, दिवस विचारला, त्या दिवशी परत मॅटवर येऊ दिलं नाही आणि घरी एकट्याला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन पण केला. आणि हे पण बजावलं की चोकनंतर डोकं किंवा मान खूप दुखत राहिली, बोलणं अडखळलं, दिसायला वेगळं वाटलं, एका बाजूचा हात-पाय जड झाला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. त्या दिवसानंतर माझा या क्लासवरचा विश्वास खूप वाढला.

आता अर्धा स्टार कुठे गेला. एक, सोमवारी गर्दी फार होते, मॅट तेवढीच आणि जोड्या जास्त, शेजारची जोडी लोळत येऊन अंगावर पडते आणि चोक चालू असताना हे धोक्याचं आहे, सरांना सांगितलंय, जोड्या आलटून-पालटून उतरवतो म्हणाले पण दर वेळी होत नाही. दोन, डार्स आणि ॲनाकोंडा हे दोन्ही चोक एका दिवसात उरकले आणि त्यांची तोड पुढच्या वेळी म्हणाले, ती पुढची वेळ अजून आली नाही. ज्या क्लासची खासियतच ही आहे तिथे हे मला फार खटकलं, आणि गेला महिनाभर मला सगळ्यात जास्त टॅप डार्सलाच करावं लागतंय. तीन, नो-गी, म्हणजे गी न घालता, फक्त एकच दिवस. कॉलर नसली की घामाने सगळं निसटतं, पकड वेगळी लागते, त्याला अजून एक दिवस पाहिजे. आणि सरांचं समजावणं कधीकधी लांबतं, ड्रिलची दहा मिनिटं त्यात जातात, ऐकायला चांगलं वाटतं पण हात शिकत नाहीत.

स्वच्छता चांगली आहे, मॅट रोज पुसतात, नखं वाढलेली दिसली तर नेलकटर हातात देतात, आणि अंगावर नायट्यासारखं काही दिसलं तर बरं होईपर्यंत घरी पाठवतात, कुणाचाही अपवाद नाही. गी दर वेळी धुतलेलाच पाहिजे.

कुणी जावं? उंची-वजन कमी असलेल्यांनी जरूर जा, बायकांनी जा, चाळिशीनंतर पण जा, माझ्या त्या काकू पंचेचाळीसच्या पुढच्या आहेत आणि त्यांच्या क्रॉस कॉलरमधून मी अजून एकदाही सुटले नाहीये. मानेचा जुना त्रास असेल, मणक्याचं काही असेल, बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मग कोचला सांगा, लपवू नका. मुलांसाठी वेगळी बॅच आहे आणि तिथे चोक जवळजवळ नाहीतच, तेच बरोबर आहे, आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय जिउ-जित्सू संघटनेच्या नियमांत पण १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना इझेकिएल आणि समोरून लावायचा गिलोटिन बंद आहे.

घराजवळ दुसराच कुठला क्लास असेल तरी ट्रायल नक्की घ्या, पण नुसतं करून येऊ नका, शेवटची वीस मिनिटं कडेला बसून रोलिंग बघा. टॅप झाल्यावर किती वेळात सोडतायत ते बघा, सर कुठे उभे आहेत आणि कुणाकडे बघतायत ते बघा, सगळ्यात छोट्या माणसाला कुणाबरोबर जोडलंय ते बघा. आणि त्या दिवशी चोक शिकवला असेल तर निघताना सरळ विचारा, सर, यातून सुटायचं कसं? मी ज्यांच्याकडे जाते त्यांना मी हे पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा ते परत मॅटवर बसले, म्हणाले "ये, धर मला", आणि क्लास संपून गेलेला असताना दहा मिनिटं दाखवत राहिले.